धाकटा मारवेल

गेल्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेबारा या तीन तासांत, तासगावाबाहेरच्या एका गायरानात एका म्हाताऱ्या फौजीवर अन्याय झाला. अन्याय करणारा कुणी पुढारी नव्हता, ठेकेदार नव्हता, कारखान्याचा संचालक नव्हता. आम्ही होतो. पत्रकं काढणारी, मोर्चे काढणारी, झाडं लावणारी पोरंपोरी. आणि त्यांच्या पुढे मी होते.

पत्रक कसं लिहायचं हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांचा नियम सोपा होता. कुणावर अन्याय झाला आणि कधी झाला, हे पहिल्या दोन ओळींत आलंच पाहिजे, कारण वाचणारा तिसऱ्या ओळीपर्यंत थांबत नाही. म्हणून ते आधी लिहिलं. अजून थांबला असाल तर आता त्या माणसाबद्दल सांगते. नाव सांगणार नाही. आमच्या पत्रकांवर त्यांची एकच तक्रार असायची, की ह्यात मानसांची नावं लय, आन गवताचं एकबी न्हाई.

मी त्यांना आबा म्हणायचे. बाकीचे त्यांना 'गवत्या फौजी' म्हणायचे. साताऱ्याकडच्या ज्या गावचे ते, तिथं घरटी एक माणूस फौजेत. सुट्टीवर आलेले पारावर बसून सरहद्दीच्या गोष्टी सांगणार, बर्फाच्या, बंदुकीच्या. आबांची सगळी नोकरी गेली खेचरांच्या तळावर, चारा विभागात. डोंगरावर सामान वाहणाऱ्या खेचरांना काय घालायचं, किती वाळवून घालायचं, हे बघायचं. पारावर त्यांची पाळी आली की ते गवताच्या गोष्टी सांगायचे, आणि पार रिकामा व्हायचा. निवृत्त झाल्यावर ते बायकोच्या माहेरी, तासगावला, येऊन राहिले. त्याचं कारण मी एकदा विचारलं. म्हणाले, "हितं निदान द्राक्षवाली मानसं हायत. पान बघत्यात तरी."

मी आष्ट्याची. तासगावला कॉलेजसाठी आले आणि खोली शोधत फिरत होते. बेदाण्याच्या शेडमागं एक बैठं घर दिसलं. अंगणात तेलाच्या पत्र्याच्या डब्यांची रांग, आणि प्रत्येक डब्यात गवत. घर बंद पडलंय आणि तण माजलंय, असं वाटून मी मागं फिरणार, तेवढ्यात डब्यांमागून एक म्हातारा उठला. भर उन्हात अंगात खाकी स्वेटर.

"खोली पायजे?"

"हो."

त्यांनी दोन काड्या माझ्या हातात दिल्या. "फरक सांग."

मी उलटसुलट करून बघितल्या. "दोन्ही गवतच की हो."

"कोनचं?"

"गवत म्हणजे... गवत."

"गाव कोनचं म्हनलीस?"

"आष्टा."

"तरीच. ऊसवाली मानसं. उसात उगवलं त्ये समदं तण. जा, दुसरी खोली बघ."

आतून त्यांची बायको बाहेर आली. तिला सगळे आक्का म्हणत. "आवं, ती काय गवताची परीक्षा द्याय आलीया? ये गं बाई, आत ये. तुज्या आदी तिघीजनी ह्या काड्या बघून पळून गेल्या."

खोली मिळाली. काड्यांतला फरक कळायला मात्र दोन पावसाळे गेले.

तो फरक सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मारवेल हे माळावरचं, बांधावरचं चांगल्या जातीचं गवत. जनावर माळावर सोडलं की आधी त्याला तोंड लावतं. पावसाळ्याच्या शेवटाला त्याला पंजाच्या बोटांसारखा जांभळट तुरा येतो. त्याच्या काडीला ठरावीक अंतरावर पेरं असतात आणि प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं असतं. डोळ्यांनी पटकन दिसत नाही, अंगठ्याला लागतं. आबा ह्याला 'थोरला' म्हणत. आणि त्याचा सख्खा भाऊ 'धाकटा'. तेच पान, तोच तुरा, उंची टीचभर कमी. पेर मात्र नितळ. एक केस नाही.

"एक दाढी राखतोय, एक रोज करतोय," आबा म्हणायचे. पुस्तकात दोघांची नावं वेगवेगळी आहेत, असं त्यांना फौजेतल्या एका साहेबानं सांगितलं होतं. त्यांनी ती लिहूनही घेतली होती. मग चिठ्ठी हरवली. "हरवंना का. नावानं हाका मारल्यावर त्ये काय वळून बघनार हायत?"

लोकांना दोन्ही मारवेलच. तलाठ्यालाही, पशुवैद्यालाही, धनगरालाही. एकट्या आबांना दोन. आणि दोन असण्यानं काय बिघडतं, असं कुणी विचारलं की ते त्याला पौषात बोलवायचे. पौषात थोरल्याची काडी वाकवली की कट्‌कन मोडते. धाकट्याची वळते. थोरल्याला माती लागते. धाकटा नुसत्या मुरमावर, जिथं बोटभर माती नाही तिथं, बूड धरून बसतो आणि फाल्गुनापर्यंत बुडाशी हिरवा राहतो. ज्या दिवसांत माळावर मेंढीला काही नसतं, त्या दिवसांत हा असतो. असं कुणाला समजावून सांगताना आबांचा आवाज खाली यायचा. घरातल्या गरीब पण गुणी पोराबद्दल बोलावं, तसा.

आबांचा सगळा दिवस वाकून जायचा. सकाळी चहा पिऊन सायकलवर गायरानात, ऊन चढलं की परत. पिशवीत नमुने. ते वाळवायचे जुन्या पंचांगांत. वह्या नाही चालत, म्हणायचे, पंचांगाचा कागद पाणी शोषतो. आक्काला एकादशी बघायची झाली की पंचांगातून आधी गवत पडायचं. "आवं, ही एकादशी हाय का कुसळी?" ती ओरडायची. आबा आतून, "कोनत्या पानावर हाय? अष्टमीला कुसळी हाय, एकादशीला पवन्या!"

माझी पत्रकं त्यांना फार आवडायची. पहिल्यांदा मी चढून गेले. आबा मागून मागून घेत होते, दहा दे, वीस दे. महिन्याभरानं त्यांच्या कोनाड्यात बघितलं तर पत्रकांच्या पुड्या. आत बी. छापील बाजू आत, कोरी बाजू बाहेर, आणि तिच्यावर पेन्सिलीनं जागा आणि तिथी.

"आबा, ही आमची पाणी परिषदेची पत्रकं!"

"व्हय की. पाठ कोरी ठिवताय त्ये लय ब्येस. हित्तं नीट लिवता येतंय."

मला राग आला होता. आज त्यातली एक पुडी मिळाली तर मी तिच्यासाठी काय देईन, हे मला सांगता येणार नाही.

तुम्ही म्हणाल, पुड्यांत बी होतं तर धाकटा कुठंही लावता आला असता, मग अडचण काय? अडचण अशी की पुड्यांत सगळं होतं, धाकटा नव्हता. तो डब्यात धरत नव्हता. बारा वेळा लावला असेल. बी उगवायचं नाही, मुळांसकट उपटून आणलेला ठोंब आठ दिवसांत पिवळा पडायचा. त्याला त्याचाच मुरूम लागतो, तो उतार लागतो, आणि आणखी काय लागतं ते आबांना शेवटपर्यंत कळलं नाही. "रुसका हाय," म्हणायचे.

धाकटा त्यांना आईनं दाखवला होता. ती पाचगणीच्या खालच्या उतारावर गवत कापायची आणि भारे डोक्यावर घेऊन वर घोडेवाल्यांकडे न्यायची. धाकट्याची पेंढी ती वेगळी बांधायची. घोडं आजारी असलं तर त्याला. हे पोर सोबत असायचं, आणि आई त्याचं बोट धरून पेरावर फिरवायची. पुढं फौजेत एवढे माळ बघितले, हिमाचल बघितलं, पंजाब बघितला. धाकटा दिसला नाही. तासगावच्या गायरानात, ओढ्याच्या वरच्या बाजूला, दोन खळ्यांएवढ्या उतारावर तो सापडला, तेव्हा आबा निवृत्त झालेले होते. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आक्काला काय सांगितलं, तर, "आई भेटली." आक्का म्हणाली, मला वाटलं, ऊन लागलं.

एकदा आम्ही दोघं पाचगणीला गेलो. दोन वर्षांपूर्वीच्या आश्विनात. मी कंटाळले होते, आबांना सोबत हवी होती. एसटीनं सातारा, पुढे वाई, मग घाट. वरच्या पठारावर पर्यटक, घोडागाड्या, मक्याची कणसं आणि रिळं काढणारी पोरं. त्यांच्या मधोमध हा खाकी स्वेटरवाला म्हातारा गुडघ्यांवर आणि हातांवर. एक भला मुलगा, कॅमेरा गळ्यात, जवळ येऊन म्हणाला, "काका, काही हरवलंय का?"

"व्हय. धाकटा."

मुलगा घाबरला. "किती वर्षांचा आहे? पोलिसांना सांगितलंत का?"

मी त्याला समजावून सांगितलं. तो हसला नाही. त्यानंही खाली बसून अर्धा तास शोधलं. त्याचं नाव विचारायचं राहिलं, याचं मला वाईट वाटतं. पठारावर गवतं होतीच, किती तरी, आबांना भेटल्यासारखी ती एकेक भेटत होती. धाकटा नव्हता.

मग आम्ही आईच्या उतारावर गेलो. तिथं स्ट्रॉबेरीचे वाफे झाले होते. चकचकीत प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्याला भोकं, भोकांत रोपं. रोपं लावणारा माणूस चांगला होता. त्यानं पाणी दिलं, बसायला पोतं दिलं. आबा काय शोधतायत ते ऐकून म्हणाला, "काका, गवत कुठलं हितं? गवत येऊ नये म्हनूनच तर ह्यो कागद."

आबांनी कागदावरून हात फिरवला. गरम होता. "बरोबर हाय तुमचं," म्हणाले. आणि मला, "चल."

परतीच्या एसटीत मांडीवर थोरल्याची एक पेंढी घेऊन बसले होते. पाचगणीचा थोरला. कंडक्टर ओळखीचा निघाला. "आवं फौजी, म्हशीला आता पाचगणीचा चारा लागतोय व्हय?"

"म्हस न्हाई माज्याकडं."

"मग ह्यो भारा कशाला?"

"सोबतीला."

कंडक्टर हसला, मीही हसले. मग मला त्यांचा चेहरा दिसला आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. आता त्यांना माहीत असलेली धाकट्याची एकच जागा उरली होती, आणि ती आमच्या गायरानात होती.

आता माझ्या कर्तृत्वाकडे येते.

गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात आमच्या गटानं ठरवलं, गायरान हिरवं करायचं. रोपं फुकट मिळत होती, जेसीबी एका दानशूर माणसानं दिला होता, पाहुणे म्हणून एक मोठे साहेब यायला तयार होते. पत्रक माझ्याकडे. मी अंगणात बसून लिहिलं आणि आबांना मोठ्यानं वाचून दाखवलं: "वर्षानुवर्षं उजाड, ओसाड पडलेलं हे गायरान हिरवाईची वाट पाहत आहे!"

आबांनी डब्यातली काडी सोडली. "कवा बघितलंस?"

"काय?"

"उजाड. कवा बघितलंस?"

"चैत्रात."

"चैतात माज्या डोस्क्यावर तरी काय हाय?"

"म्हणजे तुम्हाला झाडं नकोत?"

"झाडं पायजेत की. वड्याला लाव, शाळंत लाव, रस्त्याच्या दोनी अंगाला लाव. माळ माळ ऱ्हाऊ दे. त्यो काय उघडा हाय व्हय, त्याला कापड घालाय?"

मी भांडले. तापमान, प्राणवायू, पाणी मुरणं, सगळं सांगितलं. मला भाषण येतं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "लय शिकलीस. आता वाईच बघाय शीक."

त्यांनी शेवटी मागितलं ते एवढंच. आठ दिवस. तेवढ्यात ते एकेक ठोंब त्याच्या मुरमासकट काढून ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर नेणार होते. तिथला मुरूम तसाच, ऊन तसंच. धरला तर धरला. पण पाहुण्यांची तारीख पक्की झाली होती, आणि त्याच आठवड्यात आबांचा गुडघा सुजला. मी म्हटलं, "आबा, तुम्ही बसा. आमची चाळीस पोरं आहेत. दोन तासांत सगळे ठोंब काढून तुमच्यापुढे आणून ठेवतो."

आबा म्हणाले, "एक काम कर. दोगं मिसळून हायत तितं. पयला ठोंब काडलास की माज्याकडं धाड. मी बोट लावतो. मी व्हय म्हनलो की मग बाकीचे काडा."

"हो."

"इसरू नको."

"आबा, मी दोन वर्षं तुमच्या घरात राहते."

सोमवारी सात वाजता पोरं गायरानात. आष्ट्याहून माझ्या मैत्रिणीही आलेल्या. उत्साह असा की कुदळी कमी पडल्या. पाऊस चांगला झाला होता. थोरला गुडघाभर, काळाभोर, बघत राहावं असा. धाकटा श्रावणात दिसायला दळभद्री असतो, विरळ, फिकट, अंग चोरून उभा. मी वीस पावलांवर माईकची वायर जोडत होते. एका पोरानं ठोंब वर करून हाक मारली, "ताई, ह्योच न्हवं?"

ठोंब देखणा होता. मी म्हणाले, "हो, तोच, तोच. घ्या."

वीस पावलं. मी गेले नाही. पहिला ठोंब आबांकडे धाडायचा होता, हे मला आठवलं, नाही असं नाही. पण मोटरसायकल नारळ आणायला गेली होती. मी म्हटलं, मारवेलच आहे की, मला कळतं आता.

साडेनऊला साहेब आले. नारळ फुटला, फोटो झाले. मी घोषणा दिल्या. मागं जेसीबी चर काढत होता, उताराला आडवे, एकाखाली एक. पाणी अडवायला चर काढायचे, असं आमच्याच पत्रकात होतं. दोन खळ्यांएवढी जागा, तिला किती वेळ लागतो? साडेबाराला मुरूम लालभडक उघडा पडला होता आणि मला तो सुंदर वाटला.

ठोंब टेम्पोत घालून मी आबांच्या अंगणात आणले. पोती उलटी केली. आबा खाटेवरून उतरून जमिनीवर बसले. सुजलेला पाय लांब केला. पहिला ठोंब उचलला, बुडाशी बोट घातलं, काडी धरली, अंगठा पेरावर फिरवला.

"थोरला."

दुसरा. "थोरला."

मी उभी होते. पाचव्या-सहाव्यालाही तेच. पोरं आधी हसत होती, मग एकेक ठोंब त्यांच्याकडे सरकवू लागली. आबांनी एकही ठोंब सोडला नाही. प्रत्येक उचलला, प्रत्येकाच्या दोन-तीन काड्या बघितल्या, न जाणो एखादा अडकून आला असेल. थोरला. थोरला. थोरला. एवढी पोती, आणि मध्ये एकदाही आवाज चढला नाही. आम्ही देखणे देखणे ठोंब निवडून आणले होते. जो दिसायला बरा तोच वाचवण्याजोगा असणार, असं चाळीस जणांना एकाच वेळी वाटलं होतं.

शेवटचा खाली ठेवून ते म्हणाले, "जेसीबी हाय का थांबलेला?"

"नाही, आबा. झालं सगळं."

"झालं." मग आक्काकडे वळून, "पोरास्नी च्या कर. आन ह्या ठोंबांवर पानी मार. हेंची काय चूक?"

ते मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्या माणसांना उत्तर द्यायला शिकले आहे.

आश्विनात त्यांचा गुडघा जरा सावरला. काठी घेऊन ते गायरानात जायला लागले. मी बरोबर जायचे, बोलवलं नव्हतं तरी. चरांच्या कडेनं, मुरमाच्या ढिगाऱ्यांवर, रोपांभोवतीच्या जाळ्यांच्या पिंजऱ्यांमधून रोज तेच, वाकायचं, काडी, अंगठा, पुढं. एखादं मूळ मुरमात दबून वाचलं असेल, एखादं बी ढिगाऱ्यावर पडलं असेल. एक दिवस एका चराच्या कडेला ते थांबले. काडी धरली, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. दुसरा हात लावला. म्हातारा अंगठा, घट्टे पडलेला.

"ये पोरी. तुजी बोटं तरनी हायत. लाव बघू."

मी वाकून पेराला बोट लावलं. बारीक, मऊ, पण होते. केस होते.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, "गुळगुळीत आहे, आबा."

वाऱ्यानं काडी हलली. आबा हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"खोटं बोलाय लागलीस. पत्रकात चालतंय, पोरी. गवतात न्हाई चालत."

माघात ते गेले. छातीत कफ झाला होता. चार दिवस सांगलीला दवाखान्यात होते. खाट खिडकीजवळ मिळाली होती, बाहेर तुकडाभर हिरवळ होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, बाहेर गवत दिसतंय. "कोनचं?"

मी जाऊन बघून आले. "हरळी, आबा."

"वाकून बगितलंस?"

"हो."

"मग बरोबर असंल." आणि डोळे मिटले. मला त्यांच्याकडून मिळालेली ती एकुलती एक शाबासकी, आणि ती हरळीसाठी.

मी अजून त्याच खोलीत राहते. आक्का सकाळी अंगणातल्या थोरल्याला पाणी घालते. तो जोमात आहे, पोत्यातून उतरून फरशीच्या फटींत गेलाय. पंचांगं तिनं मला दिली. बियांच्या पुड्या कुठल्याशा शेतकऱ्याला देऊन टाकल्या. तिला काय माहीत. पंचांगांत मी सगळी पानं चाळली. धाकट्याची एक काडी सापडली, वाळलेली, बी झडलेली. वाकवून बघावंसं वाटतं. वाकवली नाही.

कधी कधी रस्त्यानं चालताना बांधावर काहीतरी दिसतं, आणि मी वळून म्हणते, आबा, हे कोणतं? मग आठवतं. हा प्रश्न आता मला कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर मला अर्धंमुर्धं येऊ लागलं तेव्हा विचारणारा गेला. खोलीतून ऐकू यायचं ते भांडण, अष्टमी का एकादशी, ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी अजून दुपारी दार उघडं ठेवते. वारा येतो, बेदाण्याचा वास येतो.

गायरानातल्या पिंजऱ्यांत बरीचशी रोपं उन्हाळ्यात वाळली. मुरमावर जगणारा जो होता, त्याला आम्ही गाडलं होतं. आमच्या गटातले काही जण म्हणतात, मी झाडांच्या विरोधात गेले. म्हणू देत. गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला, की यंदा शेजारच्या गावचं गायरान घेतलंय, तूच पत्रक लिही, तुझी भाषा लागते. सोबत फोटो पाठवला होता. चैत्रातला. खाली ओळ लिहून तयार होती: उजाड, ओसाड.

ते पत्रक मी लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहिलं.

तुमच्या गावातही माळ असेल. तासगावात, जतमध्ये, खटावात, माणात, कुठंही. त्यावर झाडं लावायचा ठराव ग्रामसभेपुढं येईल, टाळ्या वाजतील, तुमच्या शेजारचा हात वर करेल. तुम्ही हात वर करू नका. उभे राहा आणि विचारा, आत्ता तिथं काय उगवतं? 'गवत' हे उत्तर घेऊ नका. कोणतं, ते सांगा म्हणा. सांगता येईना, तर ठराव पुढच्या आश्विनापर्यंत थांबवा, आणि तुरे आल्यावर सगळ्या गावाला घेऊन माळावर जा. पेरं तपासा. एक नितळ पेर सापडलं तरी ती काडी तोडू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. तिथंच उभे राहा. कुदळ घेऊन जो कुणी येईल त्याला तिथूनच मागं फिरवा. ती मी असले तरी.